एका रकान्याची मागणी : माणसांच्या नोंदी लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
रुग्णालये, शाळा, बालसंगोपन संस्था, न्यायालये, तुरुंग आणि निर्वासितांचे अर्ज तपासणारी कार्यालये यांचे प्रमुख, तसेच तेथे रोज माणसांविषयी नोंदी लिहिणारे सर्व अधिकारी व कर्मचारी यांस,

सविनय नमस्कार, विनंती विशेष.

आपल्या कपाटांत, आणि आता संगणकांत, जगातल्या बहुतेक माणसांविषयी काही ना काही लिहून ठेवलेले आहे. त्यात माझ्याविषयीचे असणार आणि आपल्याविषयीचेही असणार, कारण नोंदी लिहिणारा माणूसही कधीतरी विद्यार्थी होता आणि कधीतरी रुग्ण होणार असतो. या पत्रातून मला एकच गोष्ट मागायची आहे. प्रत्येक फाइलीत, ती ज्याच्याविषयी आहे त्या माणसाने स्वतःविषयी स्वतःच्या शब्दांत जे सांगितले असेल त्यासाठी एक रकाना असावा, तो फाइलीच्या सुरुवातीला असावा, आणि त्यात भर घालण्याचा किंवा तो बदलण्याचा अधिकार फाइल अस्तित्वात असेपर्यंत त्या माणसाकडे राहावा. मागणी लहान दिसते, पण ती का करावीशी वाटते हे जरा सविस्तर सांगावे लागेल.

आपला पहिला आक्षेप मला ठाऊक आहे. आपण म्हणाल, आमच्या फाइलींत गोष्टी नसतात. तारखा, तपासण्या, घटना आणि निष्कर्ष असतात. हे म्हणणे प्रामाणिक असले तरी माणसाचे मन तसे चालत नाही. फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना एक लहानशी मूक चित्रफीत दाखवली होती. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण आणि एक वर्तुळ एका चौकटीच्या आतबाहेर फिरत होते. बाकी काही नव्हते. काय दिसले ते लिहा, असे सांगितल्यावर ३४ जणांपैकी फक्त एकाने आकृत्यांच्या हालचालींचे वर्णन निव्वळ भूमितीच्या भाषेत केले. इतर सर्वांनी त्या आकृत्यांना सजीव मानले, त्यांना हेतू आणि स्वभाव दिले, त्यांच्यातले भांडण आणि पाठलाग पाहिला. जे मन कागदाच्या तुकड्यांतही दांडगट आणि दुबळा शोधून काढते, ते चिडलेल्या, भेदरलेल्या किंवा गप्प बसून राहिलेल्या माणसाविषयी लिहिताना कथाकाराचा धर्म बाजूला ठेवते, असे मानायला मी तयार नाही.

नोंद लिहिणारा सतत निवड करत असतो. कुठून सुरुवात करायची, कशाचा उल्लेख टाळायचा, कोणत्या घटनेला कशाचा परिणाम म्हणायचे आणि कोणते क्रियापद वापरायचे, हे सगळे तोच ठरवतो. ‘रुग्णाने औषध घेण्यास नकार दिला’ आणि ‘औषधाने सतत मळमळ होत असल्याने रुग्णाने ते थांबवले’ ही दोन वाक्ये एकाच माणसाच्या एकाच दिवसाविषयी खरी असू शकतात. पहिल्या वाक्यातला माणूस हटवादी आहे, दुसऱ्यातला त्रासलेला. आणि पुढच्या पाळीला येणारा डॉक्टर यांपैकी ज्याच्याविषयी वाचेल, त्यालाच तो भेटायला जाईल.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टर अशा ४१३ जणांना सिकल सेल आजाराच्या एका काल्पनिक रुग्णाचे टिपण वाचायला दिले गेले. हा रुग्ण तीव्र वेदनांची तक्रार घेऊन आलेला होता. टिपणे दोन प्रकारची होती आणि दोन्हींतली वैद्यकीय माहिती एकच होती. एक तटस्थ भाषेत लिहिलेले होते, तर दुसऱ्याची शब्दयोजना रुग्णाविषयी संशय सुचवणारी होती. ज्यांनी दुसरे टिपण वाचले त्यांचे रुग्णाविषयीचे मत अधिक प्रतिकूल झाले, इतकेच झाले असते तर ते मनातल्या मनात राहिले असते. पण त्यांनी वेदनाशमनाचा जो उपचार सुचवला तोही हात आखडता ठेवून सुचवला. म्हणजे एका माणसाने घाईत वापरलेले विशेषण दुसऱ्या माणसाच्या शरीरात दुखत राहू शकते.

आता त्यात नकलेची भर पडली आहे. पूर्वी जुना शेरा वाचायचा तर फाइल शोधावी लागे, अक्षर लावावे लागे, आणि बरेचसे शेरे त्या आळसातच विरून जात. संगणकावर मागचे टिपण उचलून पुढच्यात चिकटवता येते. अमेरिकेतल्या एका मोठ्या रुग्णालय-समूहाच्या कोट्यवधी टिपणांची तपासणी करून २०२२ मध्ये जो निष्कर्ष मांडला गेला, त्यानुसार त्यांतला सुमारे निम्मा मजकूर त्याच रुग्णाच्या आधीच्या टिपणांतून जसाच्या तसा आलेला होता. कुणीतरी एकदा ‘सहकार्य करत नाही’ असे लिहिले, की ते वाक्य वर्षानुवर्षे नव्या तारखेसह ताजे होत राहते, आणि दहाव्या वाचकाला वाटते की दहा जणांनी दहा वेळा हेच पाहिले. आता या साऱ्याचा सारांश यंत्राकडून करून घेण्याची सोय होत आहे. सारांशात तेच टिकते जे वारंवार आलेले असते, त्यामुळे ज्याची बाजू एकदाही लिहिली गेलेली नाही, त्याची बाजू सारांशात येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

इथवर मी फाइलीचा इतरांवर होणारा परिणाम सांगितला. त्याहून खोल परिणाम ज्याच्याविषयी ती आहे त्याच्यावर होतो, आणि तो समजण्यासाठी माणूस स्वतःला ‘मी’ म्हणू लागतो ते कशाच्या आधारावर, हे पाहावे लागते. डॅन मॅकअॅडम्स या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात अशी मांडणी केली, की प्रौढ माणसाची ओळख ही त्याने मनात रचलेली आणि सतत दुरुस्त होत राहणारी जीवनकथाच असते; स्वभावाचे गुणदोष आणि आयुष्याची उद्दिष्टे यांच्याबरोबरीने ही कथा माणसाला एकसंध ठेवते. ती आपोआप तयार होत नाही. रॉबिन फिवुश, इलेन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांशी होणाऱ्या संभाषणांचा दीर्घकाळ अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की घडून गेलेल्या प्रसंगाविषयी मुलाला मोकळे प्रश्न विचारणारे, त्याच्या उत्तरात भर घालणारे आणि त्याला काय वाटले याची चौकशी करणारे पालक ज्यांना लाभतात, त्या मुलांच्या आठवणी अधिक तपशीलवार आणि अधिक सुसंगत होतात. पुढे किशोरवयात या सुट्या आठवणींना कार्यकारणाचे धागे जोडले जातात. ‘असे झाले’ याच्या जागी ‘असे झाले म्हणून मी अशी झाले’ हे वाक्य शक्य होते. तिल्मान हाबरमास आणि सुझन ब्लक यांनी २००० मध्ये या टप्प्याचे जे विवेचन केले ते आजही या विषयात पायाभूत मानले जाते.

एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि फिवुश यांनी वीस प्रश्नांची एक सोपी यादी केली होती. आजीआजोबा कुठे वाढले, आईवडिलांची भेट कशी झाली, तुझ्या जन्माच्या वेळी काय घडले, असे त्यातले प्रश्न होते. ज्या मुलांना अधिक उत्तरे ठाऊक होती त्यांचा आत्मसन्मान आणि आपल्या आयुष्यावर आपले काही नियंत्रण आहे ही भावना तुलनेने अधिक आढळली. उत्तरे पाठ करून घेतल्याने हे साधणार नाही, असा इशारा संशोधकांनीच दिला आहे. ती उत्तरे ज्या गप्पांमधून वर्षानुवर्षे मुलाच्या कानावर पडतात, त्या गप्पांना इथे महत्त्व आहे.

ज्या मुलाला या गप्पा मिळालेल्याच नाहीत, त्याचा विचार आता आपण करावा, आणि विशेषतः बालसंगोपन संस्थांनी करावा. हे मूल एका घरातून दुसऱ्या घरात, तेथून संस्थेत, संस्थेतून आणखी कुठे असे फिरत राहते. ते तीन वर्षांचे असताना कशाला घाबरायचे, पहिला शब्द कोणता बोलले, त्याला कुणी आणि का सोडले, हे एका ठिकाणी ठाऊक असलेला एकही माणूस त्याच्याजवळ उरत नाही. उरते ती फाइल. तिच्यात त्याच्या बदल्यांच्या तारखा असतात, ‘वर्तन आक्रमक’ असे शेरे असतात, बैठकांची इतिवृत्ते असतात. प्रौढ झाल्यावर आपण कोण हे शोधू पाहणारा माणूस याच कागदांकडे येतो, कारण त्याच्या बालपणाचे दुसरे साक्षीदारच नसतात.

या प्रश्नावर १९८९ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने दिलेला निकाल आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. ब्रिटनमध्ये जवळजवळ सारे बालपण सरकारी संगोपनात काढलेल्या एका माणसाने आपली फाइल पाहायला मागितली होती आणि नोंदी लिहिणाऱ्यांना गोपनीयतेची हमी दिलेली असल्याचे कारण देऊन तिच्यातला बराच भाग त्याला नाकारण्यात आला होता. आपले बालपण आणि सुरुवातीची वाढ जाणून घेण्यासाठी लागणारी माहिती मिळणे हा अशा व्यक्तींच्या जिव्हाळ्याचा हितसंबंध असून खासगी आणि कौटुंबिक जीवनाच्या हक्कात त्याला संरक्षण आहे, असे न्यायालयाने मान्य केले. गोपनीयतेचा मुद्दाही न्यायालयाने फेटाळला नाही. पण नोंद लिहिणाऱ्याने संमती दिली नाही किंवा तो सापडलाच नाही तर निर्णय करणारी स्वतंत्र यंत्रणा नव्हती, म्हणून त्या हक्काचा भंग झाल्याचे ठरवले. माझ्या मते हा निकाल मोठा आहे आणि अपुराही आहे. फाइल पाहता यावी, हा प्रश्न त्याने पुढे नेला. पाहिल्यावर तिच्यात काय सापडावे, हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. पाचशे पानांची फाइल वाचूनही त्या वयात आपण काय म्हणत होतो याचे एकही वाक्य हाती लागले नाही, तर तो माणूस स्वतःला भेटला असे म्हणता येणार नाही. दत्तक आणि संगोपनाच्या क्षेत्रात काही देशांत मुलासाठी त्याच्या आयुष्याची वही तयार करण्याची पद्धत आहे, तिच्यात छायाचित्रे असतात, माणसांची नावे असतात, मुलाने विचारलेल्या प्रश्नांची त्याच्या वयाला झेपणारी उत्तरे असतात. ही पद्धत चांगली आहे, फक्त ती वही बहुधा एका बाजूला राहते आणि निर्णय दुसऱ्या बाजूच्या फाइलीवरून होतात.

निर्वासितांचे अर्ज तपासणाऱ्यांना मी वेगळे काही सांगू इच्छितो, कारण त्यांच्या टेबलावर गोष्टीला जितके वजन असते तितके इतर कुठे क्वचितच असेल. १९५१ च्या निर्वासितविषयक करारानुसार छळाची साधार भीती दाखवावी लागते, आणि रात्रीत घर सोडून आलेल्या माणसाकडे ती दाखवण्यासाठी त्याच्या कथनाखेरीज बहुतेक वेळा दुसरे काही नसते. त्याने पहिल्या मुलाखतीत सांगितलेले आणि दुसऱ्या मुलाखतीत सांगितलेले शेजारी ठेवून पाहिले जाते. तफावत सापडली की विश्वासार्हता गेली. या पद्धतीच्या मुळाशी स्मरणशक्तीविषयीचे जे गृहीत आहे ते तपासण्यासाठी जेन हर्लिही, पीटर स्क्रॅग आणि स्टुअर्ट टर्नर यांनी ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कोसोव्हो आणि बोस्निया येथील ३९ निर्वासितांच्या दोन-दोन मुलाखती घेतल्या आणि २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या लोकांना वास्तव्याची परवानगी आधीच मिळालेली होती, तेव्हा खोटे बोलून त्यांना काही मिळवायचे नव्हते. तरीही दोन कथनांत तफावती सर्रास आढळल्या. त्या मध्यवर्ती घटनेपेक्षा तिच्या कडेच्या तपशिलांत अधिक होत्या. आणि आघाताचा मानसिक त्रास ज्यांना तीव्र होता, त्यांच्या बाबतीत दोन मुलाखतींमधले अंतर जितके वाढले तितक्या तफावतीही वाढल्या. ज्याने अधिक सोसले त्याचे कथन अधिक डळमळीत, आणि ज्याचे कथन डळमळीत त्याचाच अर्ज अडचणीत, असा हा पेच आहे. माझ्या मागणीतल्या रकान्याने तो सुटणार नाही. पण अर्जदाराला प्रश्नोत्तरांच्या साच्याबाहेर, आपल्या क्रमाने, थांबत थांबत, आणि नंतर आठवेल तसे सांगण्याची मान्य जागा मिळाली, तर पुढे जोडलेला तपशील हा खोटेपणाचा पुरावा न ठरता स्मरणाच्या स्वाभाविक गतीचा भाग म्हणून वाचला जाण्याची शक्यता तरी निर्माण होईल.

एका माणसाच्या ओळखीवरून मी समाजाकडे वळतो, कारण फाइलीतला रकाना समाजालाही घडवतो, आणि त्याचे सर्वांत भीषण उदाहरण आफ्रिकेतल्या रवांडाचे आहे, जिथे बहुसंख्य हुतू आणि अल्पसंख्य तुत्सी असे दोन मुख्य गट राहतात. तुत्सी हे मूळचे बाहेरून आलेले, राज्य करण्यासाठी जन्मलेले आणि हुतूंपेक्षा वेगळ्या वंशाचे, ही गोष्ट युरोपीय प्रवासी, धर्मप्रसारक आणि प्रशासक यांनी पसरवली. बेल्जियमच्या वसाहती प्रशासनाने १९३० च्या दशकात ती सरकारी कागदावर आणली. प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याचा गट लिहिला गेला. ज्या सीमारेषा पूर्वी संपत्ती, गुरे आणि सत्तेशी असलेले नाते यांनुसार काही प्रमाणात ओलांडता येत होत्या, त्या एका शब्दात गोठल्या आणि बापाकडून मुलाकडे जाऊ लागल्या. गोष्ट तीच राहिली, फक्त सांगणारे बदलले: ‘बाहेरचे म्हणून श्रेष्ठ’ याचे पुढे ‘बाहेरचे म्हणून शत्रू’ झाले, आणि १९९४ च्या हत्याकांडात नाकाबंदीवर ओळखपत्र तपासून कुणाला मारायचे हे निवडले गेले; त्यात लाखो तुत्सी मारले गेले. ज्या कारकुनाने साठ वर्षांपूर्वी तो रकाना भरला असेल, त्याच्या मनात कदाचित केवळ जनगणनेची शिस्त असेल. तो दुष्ट होता असे मानण्याची गरज नाही, आणि मला या उदाहरणात सर्वांत अस्वस्थ करणारी बाब हीच वाटते.

याच देशातून आलेला एक दुसरा अभ्यासही मी आपल्यापुढे ठेवतो. हत्याकांडानंतर पूर्वग्रह, हिंसा आणि समेट या विषयांवरची एक रेडिओ मालिका २००४ मध्ये तेथे सुरू झाली. एलिझाबेथ लेव्ही पालक या संशोधक महिलेने काही गटांना वर्षभर ती मालिका ऐकवली आणि तुलनेसाठी इतर गटांना आरोग्यविषयक दुसरी मालिका ऐकवली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले तिचे निष्कर्ष मला फार विचारात पाडणारे वाटतात. श्रोत्यांच्या स्वतःच्या मनातल्या समजुती फारशा बदलल्या नव्हत्या. बदलले होते ते आपल्या समाजात काय चालते, काय बोललेले खपते, दोन गटांतल्या लग्नांकडे कसे पाहिले जावे याविषयीचे त्यांचे आकलन. आणि त्याबरोबर प्रत्यक्ष वागणूकही काही अंशी बदलली होती. गोष्ट आपले मत पालटवते असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात ती बऱ्याचदा एवढेच कळवते, की आपल्याभोवतीची माणसे कोणत्या वागण्याला रीत मानतात. हे ध्यानात घेतले म्हणजे संस्थेच्या फाइलीचे सामाजिक बळ लक्षात येते. नवा शिक्षक, नवी परिचारिका, नवा तुरुंग अधिकारी जुन्या नोंदी वाचतो तेव्हा त्याला समोरच्या माणसाची माहिती मिळतेच, शिवाय या इमारतीत अशा माणसांविषयी कसे बोलायची रीत आहे याचेही शिक्षण मिळते. ज्या फाइलींत माणसाचे स्वतःचे म्हणणे पहिल्या पानावर असेल, त्या फाइलींवर वाढलेला कर्मचारी वेगळी रीत शिकेल, असे मला वाटते.

आता माझ्या बाजूच्या अडचणी. माणूस स्वतःविषयी जे सांगतो ते खरे असतेच असे नाही, हे मला मान्य आहे. स्मृती हवी तशी वाकते. पण ती कुणाच्या हातून वाकते, हेही पाहिले पाहिजे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांच्या १९७४ च्या प्रयोगात मोटारींच्या टकरीची फीत पाहिलेल्या काही जणांना ‘गाड्या आदळल्या तेव्हा’ त्यांचा वेग किती होता असे विचारले, तर इतरांना तोच प्रश्न ‘गाड्यांचा चक्काचूर झाला तेव्हा’ अशा अर्थाच्या तीव्र क्रियापदाने विचारला. आठवड्यानंतर फुटलेली काच पाहिल्याचे पहिल्या गटातल्या ५० पैकी ७ जणांनी सांगितले आणि दुसऱ्या गटातल्या ५० पैकी १६ जणांनी. फितीत फुटलेली काच नव्हतीच. तेव्हा कथन बिघडवण्यात प्रश्नकर्त्याच्या भाषेचाही वाटा असतो, आणि प्रश्न विचारण्यापूर्वी माणसाने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत टिपून ठेवण्यात आपलेही हित आहे.

शिवाय स्वतःचे कथन म्हणजे पुरावा, असा माझा दावा नाही. वर्णभेदी राजवटीच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि समेट आयोगाने २१,००० हून अधिक पीडितांचे जबाब नोंदवले, आणि १९९८ च्या अहवालात सत्याचे चार प्रकार वेगळे करून मांडले: पुराव्याने सिद्ध होणारे तथ्यात्मक सत्य, व्यक्तीच्या कथनातले सत्य, संवादातून घडणारे सामाजिक सत्य आणि जखमा भरून काढणारे सत्य. या मांडणीवर पुष्कळ टीका झाली. तत्त्वज्ञांना ती ढिसाळ वाटली आणि अनेक पीडितांना भरपाईसाठी ताटकळावे लागल्याने कथनाचे सत्य त्यांना पुरेसे वाटले नाही, यात नवल नाही. तरीही एका अधिकृत दस्तऐवजाने पुराव्याची आणि कथनाची अशी दोन्ही प्रकारची विधाने एकाच अहवालात, एकमेकांत न मिसळता ठेवता येतात हे दाखवले, आणि मला तेवढेच हवे आहे. डॉक्टरांचे निदान खोडू नये, आरोप खोडू नये, परीक्षेचे गुण बदलू नयेत. शेजारी दुसरा आवाज असावा.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. गेलन स्ट्रॉसन या तत्त्वज्ञाने २००४ मध्ये असा आक्षेप घेतला, की प्रत्येक माणूस आपले आयुष्य कथेच्या रूपात जगतो हे खरे नाही आणि प्रत्येकाने तसे जगावे हेही योग्य नाही. काही माणसे वर्तमानाच्या तुकड्यांत जगतात आणि उत्तम जगतात. हा आक्षेप मला पटतो. त्यामुळे रकाना कोरा ठेवण्याचा अधिकार हा माझ्या मागणीचाच भाग आहे, आणि कोऱ्या रकान्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. त्याचप्रमाणे दुःखातून सावरून शहाणे झाल्याची गोष्ट कुणाकडून मागू नये. आपल्या समुपदेशन कक्षांत आणि सुटकेच्या सुनावण्यांत अशा गोष्टींना जो भाव मिळतो त्यामुळे माणसे ती गोष्ट शिकून घेतात, आणि ज्यांना ती जमत नाही ती माणसे कमी पश्चात्तापी ठरतात.

एक गोष्ट जाता जाता बोलून टाकतो. माणसांच्या गोष्टी संस्थांना नको असतात असे मुळीच नाही. देणग्या मागायच्या असल्या की त्या आवर्जून मागवल्या जातात. २००७ च्या एका अभ्यासात एका मुलीची ओळख करून दिल्यावर लोकांनी जितके पैसे दिले, ते लाखोंच्या उपासमारीची आकडेवारी वाचून दिलेल्या रकमेच्या दुपटीहून अधिक होते. हे सूत्र प्रत्येक माहितीपत्रक लिहिणाऱ्याला पाठ आहे. पण तिथे छापलेली गोष्ट देणगीदारासाठी कापलेली आणि बेतलेली असते, तिच्यावर त्या माणसाचा हक्क उरत नाही, आणि पाच वर्षांनी तो माणूस त्या गोष्टीच्या पुढे निघून गेला तरी भिंतीवरच्या फलकावर तो तिथेच उभा राहतो. मी मागत असलेला रकाना या कामासाठी वापरता येऊ नये, ही अट स्पष्ट शब्दांत घालावी.

कायद्याचा आधार आपल्याला शोधावा लागणार नाही. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या १९८० च्या मार्गदर्शक तत्त्वांत व्यक्तीला स्वतःविषयीची माहिती पाहण्याचा, तिला आव्हान देण्याचा आणि ती दुरुस्त वा पूर्ण करून घेण्याचा अधिकार सांगितलेला आहे. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या विदा-संरक्षण (डेटा-संरक्षण) नियमांच्या सोळाव्या कलमात तर अपूर्ण माहिती पूरक निवेदन जोडून पूर्ण करून घेण्याचा हक्क स्पष्टपणे दिलेला आहे. अडचण अशी, की हे हक्क तक्रारीच्या वाटेवर ठेवलेले आहेत. आधी फाइल मागा, मग चूक दाखवा, मग अर्ज करा, मग वाट पाहा. जो हे सगळे करू शकतो त्याला बहुधा या रकान्याची फारशी गरज नसते.

वेळेचे म्हणाल, तर त्याचाही अनुभव उपलब्ध आहे. अमेरिकेत २०१० मध्ये तीन ठिकाणच्या शंभराहून अधिक डॉक्टरांनी आपली टिपणे रुग्णांना वाचायला खुली करण्याचा प्रयोग वर्षभर केला. काम वाढेल, रुग्ण घाबरतील, ही भीती सुरुवातीला अनेकांना होती. वर्ष संपल्यावर प्रयोग थांबवण्याचा पर्याय असूनही एकाही डॉक्टरने तो निवडला नाही. लिहायला लावणे हे वाचायला देण्यापेक्षा थोडे अधिक श्रमाचे आहे, हे मान्य करूनही मला वाटते की पहिल्या भेटीतली काही मिनिटे यासाठी काढता येतील. ज्याला लिहिता येत नाही त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, किंवा कर्मचाऱ्याने लिहून घेऊन त्याला वाचून दाखवावे. मुलांच्या बाबतीत दर एक-दोन वर्षांनी नव्याने विचारावे आणि जुने उत्तरही तारखेसह जपावे, कारण सातव्या वर्षी मुलाने दिलेले उत्तर सतराव्या वर्षी त्याच्याच कामी येणार असते. कोणत्याही महत्त्वाच्या निर्णयापूर्वी हा मजकूर वाचल्याची सही निर्णय घेणाऱ्याने करावी. त्या मजकुराला गुण देऊ नयेत, आणि त्याची भाषा सुधारू नये.

नमुना अर्जांची पुढची आवृत्ती ठरवणारी समिती आपल्याकडे बसेल तेव्हा या रकान्याला किती ओळी द्यायच्या, हा प्रश्न नक्की निघेल. छपाईचा खर्च, पडद्यावरची जागा, साठवणीची सोय अशी कारणे पुढे येतील आणि कुणीतरी तीन ओळींवर तडजोड सुचवेल. ती तडजोड कृपया स्वीकारू नये. जागा कमी पडली तर पुरवणी जोडण्याची सोय परीक्षेच्या उत्तरपत्रिकेलाही असते.

कळावे.

आपला नम्र,
एक नागरिक